काच फुटली, पैसे डिस्प्लेचे

ठाण्यात गावदेवी मैदानाजवळच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात हा संवाद मी निदान दहादा ऐकला असेन. फोनच्या काचेवर कोळ्याचं जाळं, पण खाली चित्र स्वच्छ दिसतंय आणि टचही चालतोय. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, नुसती काच गेलीय हो." दुकानदार फोन उजेडात तिरका धरतो. "काकू, नुसती काच आता राहिलीच नाही. फोल्डर टाकावा लागेल." मग तो आकडा सांगतो आणि काकू फोन पुन्हा पर्समध्ये टाकतात.

गेल्या जूनमध्ये काकूंच्या जागी मी होतो. स्टेशनच्या पुलावर, भर गर्दीत फोन हातातून सटकला होता. फोल्डरचे ४,२०० सांगितले, आणि बॅटरी फुगलीय तिचे वेगळे. आपल्याला लुबाडतायत असं पहिल्यांदा वाटतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण या आकड्याचा मोठा भाग दुकानात ठरलेलाच नसतो.

'फोल्डर' म्हणजे काय ते आधी सांगतो. वरची काच, तिच्याखालचा टच आणि त्याखालचा डिस्प्ले, असा एकत्र चिकटून येणारा संच. कुणी त्याला 'कॉम्बो' म्हणतं. हे तीन थर पूर्वी वेगवेगळे होते, आणि त्याच्याही आधी त्यातला टच मुळी नव्हताच.

भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकाता आणि दिल्लीच्या दरम्यान. त्यानंतर कितीतरी वर्षं मोबाइल ही दुसऱ्यांच्या कमरेला दिसणारी वस्तू होती, कारण आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. आमच्या चाळीत तो खऱ्या अर्थाने आला २००३ मध्ये. त्या वर्षी इनकमिंग फुकट झालं, रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट हातात द्यायला सुरुवात केली, आणि नोकियाचा ११०० बाजारात आला. रिलायन्सचा तो सगळा पसारा कोपरखैरण्याच्या नॉलेज सिटीतून हलत होता, म्हणजे आमच्या खाडीपलीकडूनच. तेरा वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओचा कारभारही त्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातून, घणसोलीहून.

फोन वाढले तशी दुकानं वाढली. गोखले रोडच्या आसपास आणि वाशीच्या सेक्टर १७ मध्ये ती बसली, आणि काउंटरमागे बरेचदा असायचा आधी घड्याळं, रेडिओ किंवा टीव्ही दुरुस्त करणारा, नाहीतर एसटीडी बूथवाला. त्यांना हा धंदा जमला, कारण तेव्हाचा फोन उघडायला सोपा होता. ११०० चं मागचं झाकण अंगठ्याने सरकवायचं, नखाने बॅटरी उचलायची. त्याच्या आत शिरायचं तर सहा पाकळ्यांचा टी-६ स्क्रू-ड्रायव्हर लागायचा, आणि तो फुटपाथवरही मिळत होता. बॉडी पिवळी पडली की लोक हौसेने नवीन पॅनल बसवून घ्यायचे, तेही चहा पिऊन होईपर्यंत. सुटा भाग हवा असेल तर सकाळची लोकल पकडून मुंबईचं मनीष मार्केट गाठायचं. ती वारी अजून चालू आहे.

त्या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं की बीएल-५सी या बॅटरीच्या सुमारे ४ कोटी ६० लाख नगांत शॉर्ट सर्किट होऊन त्या चार्जिंगच्या वेळी तापण्याचा धोका आहे. लोकांनी झाकण काढलं, बॅटरीवरचा लांबलचक नंबर वाचला, आणि सापडली तर तेवढी बदलून घेतली. फोन घरातच राहिला. आता २०१६ पाहा. सॅमसंगचा नोट ७ पेट घेऊ लागला. त्याची बॅटरी आत बंद असल्यामुळे सुमारे २५ लाख फोन अख्खेच्या अख्खे परत बोलवावे लागले. भारतात तर तो दुकानापर्यंत पोचायच्या आधीच थांबला. दोन्हीकडे खोट बॅटरीतच होती.

या नऊ वर्षांत बॅटरी आत बंद कशी झाली? सुरुवात २००७ च्या पहिल्या आयफोनपासून. त्यात बॅटरीला झाकण नव्हतंच, ती आत सोल्डर केलेली होती. तेव्हा त्याला हसणारेही होते. पण हात लावायची बॅटरी म्हणजे तिला स्वतःचं कडक कवच हवं, वर झाकण हवं, झाकणाला खाचा हव्यात, आणि या सगळ्यात जागा जाते. बॅटरी आत चिकटवली की नुसत्या पातळ फॉइलच्या पाकिटावर भागतं, वाचलेल्या जागेत बॅटरी मोठी बसते, फोन सडपातळ होतो, पाणी आत जाणं कठीण होतं. बाकीच्यांनी हळूहळू तीच वाट धरली. २०१४ च्या गॅलेक्सी एस५ चं झाकण निघत होतं, २०१५ च्या एस६ ला मागेही काच आली आणि ती गोंदाने बसली. पहिल्या रेडमी नोटची बॅटरी काढता यायची, २०१६ च्या नोट ३ ची नाही. मधल्या काळातला मोटो जी तर गमतीदारच: मागचं झाकण निघायचं, रंगीत झाकणं विकतही मिळायची, पण आतली बॅटरी हलायची नाही.

काचेचं तसंच झालं. सुरुवातीच्या स्वस्त अँड्रॉइड फोनांत टचची काच वर आणि डिस्प्ले खाली असायचा, मध्ये हवेची फट. काच फुटली तर काहीशे रुपयांत टच बदलून मिळायचा. पण त्या फटीमुळे उन्हात चमक मारायची, चित्र खोल विहिरीत असल्यासारखं वाटायचं, आणि मुंबईच्या पावसात आत वाफ धरायची ती वेगळीच. २०१० च्या आयफोन ४ मध्ये काच आणि डिस्प्ले पारदर्शक गोंदाने एकजीव केले गेले. चित्र बोटाला लागेल इतकं वर आलं. पुढे टचचा थर डिस्प्लेच्या आतच गेला. डोळ्यांना बरं झालं, आणि 'नुसती काच' तिथेच संपली.

अगदी संपली असंही नाही. वाशीच्या एका दुकानात मी काच वेगळी करताना पाहिली आहे. तव्यासारखी सपाट, साधारण ८० अंशांना तापलेली मशीन. तिच्यावर फोल्डर ठेवला की खालून हवा ओढून ती त्याला धरून ठेवते. मग केसाहून बारीक तार दोन्ही हातांत ताणून काच आणि डिस्प्लेच्या मधून करवतीसारखी पुढे-मागे नेत आणायची. काच सुटते, पण मागे चिवट गोंद उरतो. तो बोटाने रोळून रोळून काढायला काच कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग नवी गोंदाची फिल्म, नवी काच, बंद पेटीत दाब देऊन बुडबुडे घालवणं. तारेचा कोन जरा चुकला की डिस्प्लेवर काळा डाग पसरतो, आणि मग तो दुकानदाराच्या खिशातून. अॅमोलेड पॅनल (ओएलईडी जातीचा, ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो तो डिस्प्ले) महाग, त्यामुळे बहुतेक जण हे काम नाकारतात किंवा 'रिस्क तुमची' म्हणून मगच घेतात.

म्हणून फोल्डर, आणि फोल्डरमध्येही जाती. ओरिजिनल, दुकानात ज्याला 'केअर ओजी' म्हणतात तो, आणि फर्स्ट कॉपी म्हणजे नक्कल. ओएलईडी फोनला स्वस्तातला एलसीडी इनसेल (मागच्या दिव्याने उजळणारा, टच आतच असलेला डिस्प्ले) लावला तर काळा रंग राखाडी दिसतो आणि पडद्याखालचं फिंगरप्रिंट चालेनासं होतं. गिऱ्हाइकाला हे घरी गेल्यावर कळतं. बसवण्याआधी फोल्डर नुसता जोडून, चालू करून दाखवायला सांगावं. चांगला कारागीर नाही म्हणत नाही.

उघडू नये म्हणून मुद्दाम केलेल्या गोष्टीही या इतिहासात आहेत. आयफोन ४ च्या तळाचे साधे स्क्रू वर्षभराच्या आतच पाच पाकळ्यांचे झाले, आणि तो स्क्रू-ड्रायव्हर तेव्हा कुणाकडेच नव्हता. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या आयफिक्सिट या दुरुस्तीचं साहित्य विकणाऱ्या कंपनीने तो बनवून विकायला काढला. आता कायदा मागून येतोय. आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात दुरुस्तीच्या माहितीचं पोर्टल सुरू केलं. युरोपात फोनचे सुटे भाग सात वर्षं उपलब्ध ठेवण्याचा नियम जून २०२५ पासून लागू आहे, आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. त्याला काही सवलती आहेत, कंपन्या त्यांच्या आडोशाला किती बसतात ते दिसेलच. कोणत्या फोनचं झाकण पुन्हा नखाने निघेल यावर मी पैज लावणार नाही.

माझा फोन शेवटी गावदेवीलाच उघडला. आधी तो बंद केला. मागच्या कडेला गरम हवा, सक्शनचा रबरी कप, मग गिटारच्या पिकसारखी प्लास्टिकची चकती कडेकडेने फिरवत नेली. स्क्रू चुंबकाच्या पट्टीवर, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. आत सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. फुगलेली बॅटरी तो हळूच, धारदार काही न लावता, खालची चिकटपट्टी ओढून काढत होता. जुन्या बॅटरीत रसायन विघटित होऊन वायू धरतो, पाकीट फुगतं, भोक पडलं तर पेट घेऊ शकतं. ती त्याने वाळू भरलेल्या डब्यात ठेवली. "हे कचऱ्यात नका टाकू कधी," एवढंच म्हणाला.

पैसे देताना काउंटरवर भजनं लावायचा छोटा स्पीकर दिसला, देवघरात ठेवतात तसला. मागचं झाकण निघालेलं होतं. आत बीएल-५सी. "हा दुरुस्तीला?" मी विचारलं. "नाही हो, आजींचा आहे. बॅटरी बदलून घ्यायला आल्या होत्या, झाकण विसरून गेल्या."