लष्करी बोल्ट रायफलींचे मॅग्नम शिकारी रायफलींत रूपांतर

सैन्याने बाद केलेल्या बोल्ट रायफलीचा रिसीव्हर (नळीमागचा मुख्य पोलादी भाग) व त्यात सरकून काडतुसामागे नळी बंद करणारा बोल्ट तेवढे राखून, त्यांना नवी नळी, नवा दस्ता आणि वाढवलेले मॅगझिन जोडून, मूळ काडतुसापेक्षा बऱ्याच मोठ्या ताकदीचे, म्हणजे मॅग्नम वर्गातील, काडतूस उडवणारी शिकारी रायफल घडवण्याची बंदूक-कारागिरांची पद्धत. लष्करी रायफलीचा लांब दस्ता कापून आणि नळी आखूड करून तिला शिकारीजोगे रूप देण्याला ‘स्पोर्टरायझिंग’ म्हणतात. त्यात काडतूस तेच राहते. प्रस्तुत पद्धतीत काडतूसच बदलते. त्यामुळे प्रश्न केवळ रूपाचा उरत नाही, पोलाद आता किती दाब पेलणार याचा होतो. जुन्या लेखनात या दोन पद्धतींची वारंवार सरमिसळ झालेली आढळते.

‘मॅग्नम’ हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘मोठे’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश बंदूककारांनी दारूचे प्रमाण वाढवलेल्या काडतुसांना तो लावला. शॅम्पेनच्या दुप्पट मापाच्या बाटलीवरून तो उचलला गेला, असे बहुतेक लेखक मानतात. त्याला ठाम तांत्रिक व्याख्या कधीच नव्हती. सध्याच्या अर्थाने तो रूढ होण्यास हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या पेढीचे .३७५ मॅग्नम (१९१२; आकडा गोळीच्या इंचांतील व्यासाचा) हे काडतूस मुख्यतः कारणीभूत झाले. या काडतुसाच्या पुंगळीला (दारू धरणाऱ्या धातूच्या नळकांड्याला) बुडाजवळ एक उंचवटेदार पट्टा असतो. त्याच पेढीने १९०५च्या सुमारास .४००/.३७५ या काडतुसात तो आधी वापरला होता. पट्ट्याने पुंगळी बळकट होते, हा समज अजूनही पसरलेला आहे, पण तो स्वीकारण्याजोगा नाही. निमुळत्या पुंगळीचा खांदा (तोंडाकडे ती अरुंद होते तो भाग) इतका उतरता होता, की चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीत, तिला नेमक्या जागी थांबवायला तो पुरेसा नव्हता. ते काम पट्टा करतो. पुढे .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या स्पष्ट खांद्याच्या काडतुसांवरही पट्टा कायम राहिला, तो गरजेपेक्षा परंपरेने आणि विक्रीच्या सोयीने.

या पद्धतीचा आरंभ केव्हाचा, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटनमधला आहे. जॉन रिग्बी ही पेढी १८९८पासून माउझर या जर्मन रायफल-कंपनीची ब्रिटनमधील प्रतिनिधी होती. तिच्या मागणीवरून माउझरच्या ओबर्नडॉर्फ येथील कारखान्याने साधारण १९००च्या सुमारास लांब ‘मॅग्नम’ यंत्रणा (रिसीव्हर, बोल्ट व मॅगझिन यांचा संच) काढली आणि .४१६ रिग्बी (१९११) हे काडतूस याच यंत्रणेसाठी आले. परंतु या यंत्रणा कारखान्यातून नव्याच, शिकारीसाठीच आलेल्या होत्या. कोणत्याही सैनिकाच्या खांद्यावरून उतरलेल्या नव्हत्या. म्हणून त्यांना पूर्वज मानावे, आरंभ मानू नये, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. खऱ्या अर्थाने रूपांतर सुरू झाले ते १९१८नंतर. लक्षावधी रायफली एकदम निरुपयोगी झाल्या होत्या, आणि आफ्रिकेतील अनेक प्रदेशांत हत्ती, रानरेडा अशा जनावरांसाठी .३७५ हे किमान माप पुढे ठरत गेले. लंडनची नवी मॅग्नम रायफल साध्या शेतकऱ्याला किंवा वनाधिकाऱ्याला परवडणारी नव्हती. ही दरी कारागिराने लेथवर भरून काढली.

माउझर ९८ : जर्मन सैन्याने १८९८मध्ये स्वीकारलेली ही यंत्रणा रूपांतराचा सर्वांत परिचित पाया होय. बोल्टच्या तोंडाशी त्याला रिसीव्हरमध्ये अडकवून धरणारे दोन भक्कम अडसर, मागे तिसरा सुरक्षा-अडसर, पुंगळी फुटल्यास वायू बाहेर सोडणारी छिद्रे आणि काडतुसाला मॅगझिनमधून निघताच पकडणारा लांब पंजा ही तिची वैशिष्ट्ये. धोकादायक जनावरासमोर पंजाचे मोल विशेष आहे. अर्धवट मागे ओढलेला बोल्ट पुन्हा पुढे ढकलला, तरी दोन काडतुसे एकमेकांत अडकत नाहीत. यापूर्वीच्या १८९३, १८९५ व १८९६च्या माउझरांत तिसरा अडसर नाही आणि रिसीव्हरचे नळी बसते ते पुढचे कडेही लहान आहे. मॅग्नमसाठी त्या वर्ज्य मानाव्यात.

अडचण लांबीची. ७.९२×५७ मिमी. हे लष्करी काडतूस गोळीसकट सुमारे ८२ मिमी. लांब आणि .३७५ मॅग्नम सुमारे ९१ मिमी. सैनिकी मॅगझिन पहिल्याच्या मापाने बेतलेले. जास्तीचे सुमारे नऊ मिलिमीटर कोठून तरी काढावे लागतात. पुढून काढले, तर काडतुसाला चेंबरकडे नेणारा उतार कापला जातो. आणि याच उताराला लागून बोल्टचा खालचा अडसर ज्या पोलादावर टेकतो तो आधार आहे. तिथे थोडी जास्त घासणी झाली, की खालचा अडसर आधार गमावतो आणि सगळा भार वरच्यावर येतो. मागून काढले, तर बोल्ट थांबवणारा भाग व रिसीव्हरचा मागचा पूल यांत हात घालावा लागतो. चांगले कारागीर दोन्हीकडून थोडे थोडे घेत. वाईट कारागिरांनी पुढूनच सगळे घेतले, आणि अशा रायफली आजही बाहेरून देखण्याच दिसतात. नवी पॉलिश आणि अक्रोडाचा दस्ता यांवरून आतल्या आधाराचा काहीच अंदाज येत नाही, हे जुन्या रूपांतरित रायफली हाताळणाऱ्याने विसरू नये.

भाराचे गणितही तितकेच निर्णायक आहे. बोल्टवर येणारा रेटा हा दाब आणि पुंगळीच्या बुडाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. ७.९२ मिमी.च्या पुंगळीचे बूड सुमारे १२ मिमी. व्यासाचे, कमाल प्रमाण दाब ३,९०० बार (बार हे दाबाचे एकक); .३७५ मॅग्नमचे बूड सुमारे १३ मिमी., दाब ४,३०० बार. बाहेरचा व्यास धरून स्थूल हिशेब केला तर रेटा जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढतो. .४१६ रिग्बीचा दाब ३,२५० बार इतका सौम्य आहे, म्हणून ते काडतूस जुन्या यंत्रणेला सोपे, असे म्हटले जाते. पण त्याचे बूड १५ मिमी.चे असल्याने रेटा पुन्हा तीस टक्क्यांच्याच घरात जातो. दाबाचा आकडा पाहून निश्चिंत होणे म्हणूनच चुकीचे.

माउझरचा रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचा असून त्याचा केवळ पृष्ठभाग कठीण केलेला असतो. आतला गाभा मऊ राहत असल्याने अतिदाबाखाली तो एकदम फुटण्याऐवजी दबतो, हा मोठाच गुण. मात्र घासताना कठीण थर निघून गेला तर अडसर मऊ पोलादात हळूहळू रुततो आणि काडतुसामागची मोकळी जागा वाढत जाते. युद्धाच्या अखेरीस घाईत बनलेल्या रिसीव्हरांबाबत कारागीर विशेष साशंक असत.

पॅटर्न १४ व एम १९१७ : रूपांतरासाठी लष्करी यंत्रणांत सर्वांत योग्य कोणती, असे विचारल्यास अनुभवी कारागीर बहुधा माउझरऐवजी हिचे नाव घेतात, आणि त्यांची निवड योग्य आहे. ब्रिटनने १९१३मध्ये .२७६ मापाच्या जाड बुडाच्या, जोरकस काडतुसासाठी तिचा आराखडा केला. युद्ध सुरू झाल्याने ते काडतूस मागे पडले व रायफल .३०३मध्ये अमेरिकेतील विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टोन येथे तयार झाली. सुमारे १२ लाख पॅटर्न १४ बनल्या. अमेरिका युद्धात उतरल्यावर तीच रायफल अमेरिकी लष्कराच्या .३०-०६ मापात एम १९१७ म्हणून २२ लाखांच्या आसपास निघाली. रिसीव्हर निकेलयुक्त पोलादाचा आणि माउझरपेक्षा लांब. शिवाय एक योगायोग कामी आला. .३०३च्या पुंगळीची कडा सुमारे १३.७ मिमी.ची आणि पट्टेदार मॅग्नमची १३.५ मिमी.ची; त्यामुळे पॅटर्न १४चा बोल्ट मॅग्नमला जवळजवळ आहे तसाच चालतो. एम १९१७चा बोल्ट मात्र तोंडाशी रुंद करावा लागतो. मागच्या साइटला जपणारे दोन्ही कान घासून काढणे, मॅगझिनच्या पोटाचा बाक सरळ करणे आणि बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग ताणली जाण्याऐवजी तो उघडताना ताणली जाईल अशी सोय करणे, ही नेहमीची कामे होत.

एडिस्टोनच्या रिसीव्हरांना तडे जातात, ही तक्रार जुनी आहे. काहींच्या मते उष्णता-प्रक्रियेत ते फाजील कठीण झाले. इतरांच्या मते कारखान्यात नळ्या यंत्राने अतिशय घट्ट आवळल्या गेल्या आणि त्या उलगडताना कडे तडकले. तडे मुख्यतः नळी काढल्यावरच आढळत असल्याने दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, तरी पहिले पूर्णपणे बाजूला सारता येत नाही.

इतर यंत्रणा : अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड एम १९०३पैकी स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० पर्यंतच्या व रॉक आयलंडच्या २,८५,५०७ पर्यंतच्या क्रमांकांचे रिसीव्हर ठिसूळ निघाले. अशा रिसीव्हरवर मॅग्नम चढवणे सर्वत्र निषिद्ध समजतात. जपानी अरिसाका दिसायला ओबडधोबड, परंतु पी. ओ. ॲकली या अमेरिकन बंदूककाराने मुद्दाम फोडण्यासाठी केलेल्या चाचण्यांत ती विलक्षण चिवट ठरली. ब्रिटिश ली-एनफील्डचे अडसर बोल्टच्या मागील बाजूस असल्याने मोठ्या दाबाखाली बोल्ट दबून लांबी बदलते. मॅग्नमसाठी ती कधीच योग्य नव्हती.

जर्मनीत रूपांतराला वेगळेच वळण मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर लष्करी काडतूस नागरिकांना वापरू न देण्याच्या निर्बंधातून ८×६० मिमी. हे किंचित लांब काडतूस रूढ झाले. हे निर्बंध व्हर्सायच्या तहातून आले, असे सर्रास लिहितात. तहानंतरच्या अंमलबजावणीच्या नियमांशी त्यांचा संबंध जोडणे अधिक सावधपणाचे ठरेल. १९४०च्या आगेमागे आरडब्ल्यूएस या जर्मन काडतूस-कंपनीने आणलेले ८×६८ मिमी. हे काडतूस तर बिनपट्ट्याचे असून साध्या माउझर ९८मध्ये थोड्या फेरफाराने बसावे अशाच बेताने आखले होते.

भरभराटीचा काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. अमेरिकेत उरलेल्या लष्करी रायफली टपालानेही स्वस्तात मिळत. रॉय वेदरबीने १९४५मध्ये कॅलिफोर्नियात व्यवसाय सुरू केला, तेव्हा स्वतःची यंत्रणा नसल्याने माउझर आणि एनफील्ड (एम १९१७) यंत्रणांवरच त्याची अतिवेगवान काडतुसे चढवली जात. त्याची मार्क ५ ही रायफल १९५८च्या सुमारास आली. विंचेस्टरच्या .४५८ (१९५६), .३३८ (१९५८) व .३०० (१९६३) या मॅग्नमांनी मूळ अडचणच बरीचशी सोडवली, कारण त्यांची लांबी .३०-०६च्या जवळपास ठेवलेली होती. स्वीडनच्या नॉर्मा कंपनीची .३५८ व .३०८ मॅग्नम याच जातीची. पण याच काडतुसांनी पद्धतीचा शेवटही जवळ आणला. कारखान्याची नवी मॅग्नम रायफल सामान्यांच्या आवाक्यात येत गेली, आणि १९६८च्या अमेरिकी कायद्याने लष्करी मालाची आयात व टपालविक्री आवळली. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल आणि बीएसए यांनी लष्करी रायफली मोठ्या संख्येने शिकारी रूपात विकल्या. तेथे चेंबर बदललेली नळी पुन्हा प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाने तपासून शिक्का घेतल्याखेरीज विकता येत नाही. त्यामुळे ब्रिटिश रूपांतरांवर अधिक भरवसा ठेवता येतो.

भारतात ही पद्धत रुजली नाही. ब्रिटिश अमदानीत लष्करी मापांची काडतुसे खाजगी वापराला बंद होती, .३०३ आजही निषिद्ध मापांत मोडते. इच्छापूर येथील रायफल कारखान्याने काढलेली .३१५ ही नागरी रायफल ली-एनफील्डचीच यंत्रणा वापरते, पण काडतूस मूळ ८×५० मिमी. मॅनलिखर या ऑस्ट्रियन लष्करी रायफलीच्या वंशाचे, म्हणजे मॅग्नम नव्हे. पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचा ‘केएफ’ हा शिक्का या काडतुसांच्या बुडावर दिसतो. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५नुसार शस्त्राचे रूपांतर व दुरुस्ती यांचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर मोठ्या मापाच्या शिकारी रायफलीचे प्रयोजनच संपले.

जुन्या रायफलींचे संग्राहक या पद्धतीकडे आता खेदाने पाहतात, आणि तो खेद रास्त आहे. रूपांतरात रिसीव्हरवरील राजचिन्हे व कारखान्याच्या खुणा अनेकदा घासून टाकल्या गेल्या, दस्ते जाळले गेले. ती रायफल कोणत्या सैन्याची, कोणत्या वर्षाची, हे सांगणारा पुरावाच त्याबरोबर गेला. कान घासलेल्या पॅटर्न १४वर मागच्या पुलाची सपाट कड आणि ९८वर डाव्या भिंतीतील अंगठ्याची खाच या दोन खुणा मात्र बहुधा शिल्लक राहतात.