‘वॉक्ड’च्या शेवटी ‘ट’ का? इंग्रजीच्या नियमित क्रियापदांची पार्श्वभूमी

नौपाड्यातला क्लास असो की कोपरखैरण्यातली शाळा, इंग्रजी क्रियापदांचा पहिला तक्ता फळ्यावर येतो तो ‘वॉक–वॉक्ड–वॉक्ड’ असाच. ‘गो–वेन्ट–गॉन’ वगैरेंची यादी नंतर, वेगळी, घोकण्यासाठी. त्यामुळे मुलांची समजूत होते की नियम आधी होता आणि काही शब्दांनी तो मोडला. प्रत्यक्षात बरंचसं उलट घडलं आहे.

सुमारे 1100 पर्यंतच्या जुन्या इंग्रजीत भूतकाळ करायच्या दोन रीती होत्या. थोरली रीत शब्दाच्या पोटातला स्वर बदलायची, ‘सिंग–सँग’सारखी. धाकटी रीत शब्दाच्या शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’ जोडायची. हा प्रत्यय ‘डू’ या क्रियापदाच्याच जुन्या भूतकाळी रूपातून आला, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंचमधून आलेल्या ‘सर्व्ह’, ‘एन्टर’, ‘पास’ अशा क्रियापदांनी ही धाकटी, सोपी रीतच उचलली. मग जुने शब्दही तिच्याकडे वळले. ‘हेल्प’चं ‘होल्प’ व्हायचं, ते ‘हेल्प्ड’ झालं. 1611 च्या इंग्रजी बायबलात ‘होल्पन’ अजून सापडतं. खुद्द ‘वॉक’ही मूळचा थोरल्या रीतीचाच.

तगले ते मुख्यतः रोज तोंडात असणारे शब्द: गो, कम, ईट, सी, गिव्ह. मराठीतही तसंच दिसतं. ‘बस–बसला’, ‘चाल–चालला’ सरळ चालतात. पण ‘जा–गेला’, ‘कर–केला’, ‘खा–खाल्ला’, ‘घे–घेतला’ साच्यात बसत नाहीत. सतत कानावर पडणारं रूप आपोआप लक्षात राहतं, ते नियमाने घडवावं लागत नाही. हे उदाहरण वर्गात दिलं की अनियमित क्रियापदांची धास्ती बरीच कमी होते.

उच्चाराचा घोळ मात्र नियमित क्रियापदांचाच आहे. चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, शेवटच्या ‘ई-डी’मधला ‘ई’ वेगळा ऐकू यायचा. 1476 मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. बोलण्यातला ‘ई’ मात्र गळत राहिला. 1712 मध्ये लेखक जोनाथन स्विफ्टने या गळतीबद्दल जाहीर तक्रार केली, तोवर उशीर झाला होता. ‘लर्नेड’ (विद्वान) आणि ‘ब्लेसेड’ या विशेषणांत तो जुना स्वर अजून उरला आहे. आपल्याकडे मराठी शाळांत 2000 पर्यंत इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि कित्येकांची त्याच्याशी पहिली ओळख कानाने नव्हे, डोळ्याने झाली. म्हणून ‘वॉकेड’, ‘कुकेड’.

आजचा नियम घशावर बोट ठेवून तपासता येतो. मूळ शब्दाचा शेवटचा आवाज काढताना घसा थरथरत नसेल तर ‘ट’: वॉक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट, लाफ्ट. थरथरत असेल तर ‘ड’: कॉल्ड, क्लीन्ड, प्लेड. मूळ शब्दच ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल तर ‘इड’: वॉन्टिड, नीडिड. कारण उघड आहे, दोन ‘ट’ किंवा ‘ड’ लागोपाठ आले तर प्रत्यय ऐकूच येणार नाही. इथे अक्षर नव्हे, आवाज पाहायचा. ‘लाफ’ लिहिताना शेवटी ‘जी-एच’ असतात, पण ऐकू येतो ‘फ’.

लिहिताना ‘स्टॉप’चा ‘पी’ दुप्पट होतो. ‘व्हिजिट’चा ‘टी’ होत नाही, कारण तिथे उच्चाराचा जोर शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर (‘व्हि’वर) आहे. ‘स्टडी’चा ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो, ‘प्ले’चा ‘वाय’ तसाच राहतो, कारण त्याच्या आधी स्वर आहे.

वर्तमानकाळात ‘ही वॉक’ ही चूक फार होते. जुन्या इंग्रजीत पुरुषागणिक प्रत्यय होते. ते झिजून तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘स’ तेवढा उरला. तोही मूळचा उत्तरेकडच्या बोलीतला. दक्षिणेत ‘-एथ’ चालायचं, आणि 1611 च्या बायबलाने तेच ठेवलं. आता मराठी पाहा: ‘मी चालतो’, ‘तो चालतो’, रूप एकच; ‘स’ लागतो तो ‘तू चालतोस’मध्ये. म्हणजे आपल्या कानाला ‘स’ दुसऱ्याच जागी अपेक्षित असतो. मुलं निष्काळजी असतात म्हणून ही चूक होते, असं आम्हाला वाटत नाही.

भविष्यकाळातल्या ‘आय शॅल, यू विल’ या विभागणीचं मूळ जॉन वॉलिसच्या 1653 च्या लॅटिनमधल्या व्याकरणात सापडतं. परदेशी शिकणाऱ्यांसाठी त्याने ती नेमून दिली होती. आज सगळ्या पुरुषांना ‘विल’ चालतं. त्यावर गुण कापू नयेत.

‘आय डिड नॉट वॉक्ड टू तलावपाळी’ या चुकीच्या वाक्यालाही इतिहास आहे. पूर्वी इंग्रज ‘आय वॉक्ड नॉट’ म्हणत, अगदी ‘मी चाललो नाही’च्या चालीवर: भूतकाळ क्रियापदातच आणि नकार त्याच्यामागे. पंधराव्या ते सतराव्या शतकांत नकारात आणि प्रश्नात ‘डू’ शिरला आणि काळाचं ओझं त्याने स्वतःवर घेतलं. तेव्हापासून भूतकाळ ‘डिड’मध्ये आणि ‘वॉक’ मूळ रूपात. ‘डज ही वॉक्स’मध्येही तीच गडबड आहे: तृतीयपुरुषी ‘स’ ‘डज’मध्ये येऊन गेला आहे, तो पुन्हा लावायचा नाही.