लाल क्रेफिश

लाल क्रेफिश : गोड्या पाण्यात राहणारा, शेवंडीच्या नात्यातला दहा पायांचा कवचधारी प्राणी. शास्त्रीय नाव प्रोकॅम्बॅरस क्लार्की. मूळ वस्ती मेक्सिकोच्या ईशान्य भागात आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेक्सिकोच्या आखाताकाठच्या दलदलीत, विशेषतः लुइझियाना राज्यात. आज ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर तो आढळतो. जगात सर्वाधिक खाल्ला जाणारा क्रेफिश हाच आणि सर्वाधिक बदनामही हाच. आफ्रिका, युरोप आणि आशियात तो आपल्या पायांनी पोहोचला नाही. कोणी ना कोणी धंद्यासाठी आणून सोडला, मग मात्र तो आवरेना.

पूर्ण वाढलेला क्रेफिश साधारण १० ते १२ सेंमी. लांब, गडद लाल, नांग्यांवर लाल पुटकुळ्या असलेला असतो. मादी अंडी शेपटीखाली चिकटवून बाळगते आणि एका वेळी ती पाचशेच्या घरात असू शकतात. उबदार पाण्यात पिल्ले काही महिन्यांतच वयात येतात. पाणी आटले की हा प्राणी ओल्या मातीत खोल बीळ करून बसतो. उकरलेल्या चिखलाचे गोळे एकावर एक रचल्याने बिळाच्या तोंडाशी वीतभर उंच धुराडे उभे राहते. पावसाळी रात्री तो जमिनीवरून चालत दुसरे तळे गाठतो. २०१७ साली बर्लिनच्या टियरगार्टन या बागेतून बाहेर पडून हे क्रेफिश फुटपाथवर फिरताना दिसले, तेव्हा लोकांना धक्काच बसला. कुजका पाला, पाणवनस्पती, गोगलगायी, माशांची अंडी, बेडकांची पिल्ले, सापडल्यास भाऊबंद, असे त्याला काहीही चालते.

लुइझियानात त्याला कोणी उपद्रवी म्हणणार नाही. फ्रेंच वंशाच्या केजन लोकांच्या खाण्यात तो पूर्वीपासून आहे. ब्रो ब्रिज या गावाला राज्याच्या विधिमंडळाने १९५९ मध्ये ‘जगाची क्रेफिश राजधानी’ असा किताब दिला आणि १९८३ मध्ये क्रेफिशला राज्यप्राण्यांच्या यादीत जागा मिळाली. अचाफलाया नदीच्या दलदलीत तो नैसर्गिकरीत्या सापडतो, पण बराचसा माल भातखाचरांतून येतो. भात निघाल्यावर शरद ऋतूत खाचरात पुन्हा पाणी सोडतात. बिळांत दडलेल्या माद्या पिल्लांसह बाहेर येतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जाळीच्या सापळ्यांत आमिष लावून त्यांना पकडतात. खाद्य वेगळे घालावे लागत नाही, भाताचा कुजणारा पेंढा पुरतो. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे कडक अवर्षण पडले, बिळांतली ओल गेली, प्राणी आतल्या आत मेले आणि २०२४ च्या हंगामात भाव असे चढले की राज्यपालांनी आपत्ती जाहीर केली. इतर देश ज्याला हाकलू पाहतात, त्याच्या तुटवड्याची ही आपत्ती!

तिथला बेत असा असतो : अंगणात गॅसच्या शेगडीवर भले मोठे पातेले, त्यात लाल मिरचीचा जहाल मसाला, बटाटे, मक्याची कणसे, लसूण, सॉसेज. पोतेभर जिवंत क्रेफिश धुऊन, मेलेले निवडून टाकून, उकळत्या पाण्यात सोडतात. आच बंद केल्यावर ते तसेच मुरू देतात, कारण खरा तिखटपणा तेव्हा आत शिरतो. मग वर्तमानपत्र अंथरलेल्या टेबलावर सगळे पातेले उपडे करायचे. डोके आणि शेपूट पिळून वेगळे करायचे, शेपटीचे मांस ओढून काढायचे आणि डोक्यातला पिवळा गर चोखायचा. किलोभर क्रेफिशातून जेमतेम दीडशे ग्रॅम मांस निघते. त्यामुळे हे पोट भरण्याचे जेवण नव्हे, गप्पांना धरून तासभर चालणारे खाणे आहे.

आशियातला प्रवास बेडकांमुळे सुरू झाला. १९२७ मध्ये जपानात कामाकुराजवळच्या ओफुना येथे बुलफ्रॉग जातीच्या बेडकांना चारा म्हणून न्यू ऑर्लिन्सहून हे प्राणी आणले गेले. वाटेत बरेच मेले, वीसएक वाचले. जपानी माणसाला त्याची चव कधी लागली नाही; तिथे शाळकरी पोरे वाळवलेल्या माकलीचा तुकडा दोऱ्याला बांधून त्याला पकडतात. २०२३ पासून तिथे त्याच्या विक्रीवर आणि पाण्यात सोडण्यावर बंदी आहे, घरी पाळायला मुभा आहे. जपानमधून तो चीनमध्ये नानजिंगच्या परिसरात पोहोचला आणि कित्येक दशके भातशेतीचा शत्रू म्हणूनच ओळखला गेला.

तिथे चित्र बदलले ते १९९० च्या दशकात. ज्यांग्सू प्रांतातल्या शुयी या तालुक्यात तेरा मसाल्यांत शिजवलेला क्रेफिश गाजला, हूबे प्रांतातल्या छ्यानज्यांगमध्ये तेलात परतून वाफवलेला. लसणाचा, सिचुआन मिरीने जीभ बधिर करणारा, असे प्रकार वाढत गेले आणि उन्हाळ्याच्या रात्री प्लास्टिकचे हातमोजे चढवून, शेजारी बीअर ठेवून क्रेफिश फोडत बसणे ही शहरी तरुणांची रीतच झाली. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी वूहानहून मॉस्कोला रेल्वेने एक लाख शिजवलेले क्रेफिश धाडले गेले. छ्यानज्यांगच्या शेतकऱ्यांनी भात आणि क्रेफिश एकाच खाचरात घेण्याची पद्धत बसवली आणि २०२३ मध्ये देशाचे उत्पादन ३० लाख टनांपलीकडे गेले. याच चीनमध्ये युन्नान प्रांतातल्या हानी लोकांच्या डोंगरी भातपायऱ्यांना मात्र त्याने भोके पाडली. तिथे एका खाचरातून पाणी झिरपले की खालच्या खाचराचाही बांध खचतो, म्हणून प्रशासनाला तो निपटून काढण्याची मोहीम घ्यावी लागली. (आपल्याकडे २०१९ मध्ये तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर ठेवलेला ठपका हास्यास्पद ठरला होता, क्रेफिशच्या बाबतीत बांध पोखरल्याचा आरोप खरा आहे.)

युरोपात त्याची बदनामी दुहेरी आहे. अमेरिकन क्रेफिश एका पाणबुरशीचा रोग अंगावर वागवतात. त्यांना तो फारसा बाधत नाही, युरोपीय जातींना मात्र ठार मारतो. हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इटलीत दिसला आणि १९०७ मध्ये स्वीडनला पोहोचला. ऑगस्टमध्ये कागदी टोप्या घालून क्रेफिशची मेजवानी करणाऱ्या स्वीडनने मग १९६० च्या दशकात रोगाला न डगमगणारी अमेरिकन ‘सिग्नल’ जात आणून सोडली. ती रोगाची वाहक निघाली आणि उरलेसुरले देशी क्रेफिशही बहुतेक गेले. स्पेनमध्ये १९७३-७४ मध्ये लाल क्रेफिश सोडला गेला आणि ग्वादलकिवीर नदीकाठचे इस्ला मायोर हे भातपिकाचे गाव त्याच्या निर्यातीवर उभे राहिले. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा व्यापार बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा गाव रस्त्यावर उतरले आणि २०१८ मध्ये कायदाच बदलावा लागला. दोन्याना अभयारण्यातल्या बगळ्यांना आणि पाणमांजरांनाही तोवर तो अंगवळणी पडला होता. केनियातल्या नैवाशा सरोवरात १९७० मध्ये निर्यातीसाठीच सोडलेल्या क्रेफिशने पाणवनस्पती फस्त केल्या. स्थानिकांना त्याची गोडी फारशी लागली नाही.

‘खाऊन संपवू’ हा उपाय वारंवार सुचवला जातो. बर्लिनने २०१८ मध्ये परवाना देऊन क्रेफिश पकडायला आणि हॉटेलांना विकायला मुभा दिली, ब्रिटनमध्येही परवाना काढून सिग्नल क्रेफिश पकडता येतो. अडचण अशी की सापळ्यात मोठे प्राणी अडकतात आणि लहान निसटतात. मोठेच लहानांना खातात, त्यामुळे मोठे काढल्यावर पिल्लांचे फावते. त्याहून मोठी अडचण गिऱ्हाइकाची आहे. भाव मिळू लागला की पकडणाऱ्याला तो संपलेला नको असतो, आणि जिवंत माल एका नदीतून दुसरीकडे नेण्याचा मोह सुटत नाही. इस्ला मायोर आणि छ्यानज्यांग पाहिले तर बाजाराने क्रेफिश कमी केल्याचे दिसत नाही, उलट त्याला पिकाचा दर्जा मिळाला.

खाण्यात एक सावधगिरी पाळावी लागते. दूषित चिखलातला क्रेफिश जड धातू साठवतो आणि ते मुख्यतः डोक्यातल्या त्या पिवळ्या गरातच असतात. चोखायचा तो भाग कोणत्या पाण्यातला आहे हे म्हणूनच महत्त्वाचे.

भारतीय उपखंडात मूळची क्रेफिशची एकही जात नाही; आपल्या ओढ्यांत आणि खाचरांत खेकडे व कोळंबी ही जागा भरून काढतात. मत्स्यालयाच्या दुकानांतून परदेशी क्रेफिश शोभेसाठी विकले जातात आणि कंटाळलेल्या मालकाने ते ओढ्यात सोडणे हाच इथला खरा धोका आहे. १९५२ मध्ये आणलेला तिलापिया हा परदेशी मासा आज उजनीच्या पाण्यात ‘चिलापी’ म्हणून रुळला आहे आणि भिगवणच्या हॉटेलांत हौसेने खाल्ला जातो. तो उजनीतून काढून टाकण्याची भाषा आता कोणी करत नाही.