तापवताना निघणारा प्रकाश आणि निघणारे इलेक्ट्रॉन: घन आर्गॉनचे दोन आलेख

घन आर्गॉनचा पातळ थर ७ केल्विनच्या आसपास ठेवायचा, त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा, झोत बंद करून मिनिटाला ३-४ केल्विन या गतीने तापवायचं. मग दोन आलेख मिळतात: एक थरातून येणाऱ्या प्रकाशाचा, दुसरा बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा. शिखरं बरीचशी जुळतात, म्हणून एक मोजलं की झालं असं वाटतं. तसं नाही.

सुरुवात एकच. झोताने सुटे झालेले इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या जाळीतल्या दोषांत, म्हणजे सापळ्यांत, अडकतात. इलेक्ट्रॉन गेल्याने मागे उरलेला धन भार दोन शेजारच्या अणूंना जवळ ओढून त्यांच्यावरच ठाण मांडतो. तापल्यावर सुटलेला इलेक्ट्रॉन या जोडीला भेटला, तर उत्तेजित जोडी तयार होते आणि ९.८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे साधारण १२६ नॅनोमीटरचा फोटॉन सोडून फुटते. तोच इलेक्ट्रॉन पृष्ठभागाकडे निसटला, तर प्रकाश नाही, नुसता सूक्ष्म विद्युतप्रवाह.

निसटणं किती सोपं, हे मूलद्रव्यावर ठरतं. आर्गॉनमध्ये वहनपट्ट्याचा तळ (घनात मोकळ्या फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची किमान ऊर्जा) निर्वाताच्या पातळीपेक्षा (बाहेर स्थिर असलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेपेक्षा) सुमारे ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर असतो, निऑनमध्ये १.३. पृष्ठभागापर्यंत पोचलेला इलेक्ट्रॉन जवळपास आपोआप बाहेर पडतो. क्रिप्टॉन आणि क्सेनॉनमध्ये उलट, तळ खाली, त्यामुळे दारात अडथळा. तिथे इलेक्ट्रॉन तुरळक दिसले म्हणून सापळे रिकामे होते असं समजू नये.

प्रकाशाच्या बाजूला नेहमीची चूक खिडकीची, म्हणजे प्रकाशमापकापुढच्या पारदर्शक तावदानाची. साधं क्वार्ट्झ १२६ नॅनोमीटर अडवतं. मॅग्नेशियम फ्लोराइड किंवा लिथियम फ्लोराइड हवं, आणि वाटेत हवा नको, कारण ऑक्सिजनच तो प्रकाश गिळतो. क्वार्ट्झमागे दिसतो तो बहुधा अशुद्धीचा प्रकाश. नायट्रोजनचा अंश असला, तर ५२२ नॅनोमीटरजवळ हिरवी चमक येते. ती नायट्रोजनचे अणू एकमेकांना भेटून रेणू बनताना सुटलेल्या ऊर्जेची; भारांच्या भेटीशी तिचा थेट संबंध नाही. गंमत म्हणजे असा दृश्य प्रकाश उथळ (थोड्या ऊर्जेने सुटणाऱ्या) सापळ्यांतले इलेक्ट्रॉन हुसकावू शकतो, आणि मग दुसऱ्या आलेखातही शिखर उगवतं!

३० केल्विनच्या पुढे आर्गॉन निर्वातात भराभर उडू लागतो. थरच पातळ होत असताना दिसलेल्या शिखरावरून सापळ्याची खोली, म्हणजे त्यातून सुटायला लागणारी ऊर्जा, काढू नये.