कलादालनातील विनोद

थट्टा, नक्कल आणि स्टँडअपचे तंत्र हेच कलाकृतीचे माध्यम मानणारा समकालीन दृश्यकलेतील प्रकार. विनोदी विषयावरचे चित्र किंवा व्यंगचित्र यात मोडत नाही. इथे टोपी बहुधा कलाविश्वाचीच उडवलेली असते.

उगम साधारण १९१७ पर्यंत नेतात. पैसे भरील त्याची कलाकृती मांडू, असे सांगणाऱ्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने ‘आर. मट’ अशा खोट्या सहीने मुतारीचे भांडे पाठवले आणि संयोजकांनी तेवढे मात्र मांडले नाही. इटालियन कलावंत मौरित्सिओ कातेलानने २०१९ मध्ये मायामीत भिंतीला टेपने चिकटवलेले केळे याच घराण्यातले.

सर्वांत नेमका नमुना अमेरिकी कलावंत अँड्रिया फ्रेझरचा. १९८९ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात जेन कॅसलटन नावाची मार्गदर्शक बनून प्रेक्षकांना फिरवू लागली आणि चित्रांसाठी राखलेली भारदस्त भाषा तिने पाणी प्यायच्या नळासाठी वापरली. चेहरा शेवटपर्यंत गंभीर. हसायचे की मान डोलवायची, ते प्रेक्षकाने बघावे. स्टँडअपवाल्याचा विनोद पडला की तो पडला. कलादालनात मात्र पडलेला विनोदही ‘प्रयोग’ म्हणून खपतो. काही कलावंत या सवलतीवरच जगतात.

सोलापूरकडच्या प्रेक्षकाला प्रेक्षकाशी थेट भिडण्याचे हे तंत्र नवे नाही. तमाशातला सोंगाड्या तेच करतो, भारूडकारही. नऊवारी नेसलेला, मिशी तशीच ठेवलेला गडी पुढे बसलेल्या एखाद्या आजोबांना ‘अहो कारभारी’ म्हणून हाक मारतो. हशा पिकतो, आजोबा उपरणे तोंडाला लावतात आणि मृदंग वाजताच तोच गडी सासू-सासऱ्यांच्या गाऱ्हाण्यातून देहाच्या विकारांवर येतो. खुद्द शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच चहाच्या टपरीवर चालतात. त्यामुळे कोटी एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपते, आणि ‘का बे’ एवढ्यानेच निम्मे काम होते.

याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांनी मुंबईच्या जहांगीर कलादालनात ‘श्वेतांबरी’ नावाची कलाकृती मांडली, ती फक्त पांढऱ्या कापडाची आणि फाटक्या वर्तमानपत्रांची. चित्र शोधत आलेला माणूस रद्दी तुडवत बाहेर पडे.