गरम झाली की कोसळणारी माशी

काचेच्या नळीत दहा-बारा चिलटं आहेत. नेहमीच्या तापमानाला ती काचेवर चढतात, उडतात, एकमेकांच्या मागे लागतात. नळी कोमट पाण्यात धरली आणि पारा २९ अंशांवर गेला, की काही सेकंदांत सगळी तळाशी आडवी. मेली म्हणावं, तर नळी बाहेर काढून जरा गार होऊ द्यायची. लगेच उठून पुन्हा चढायला लागतात.

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावतात तीच ही जात, ड्रॉसोफिला. (आंबा बागायतदारांची फळमाशी वेगळी, अंगानं बरीच मोठी.) फक्त या नळीतल्यांच्या एका जनुकात बिघाड आहे. अशा माशांच्या आत नेमकं काय बंद पडतं, याचा माग जीवशास्त्रज्ञ ओबैद सिद्दीकी यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात, तिथले संशोधक सीमोर बेन्झर यांच्यासोबत काढला.

तोवर सिद्दीकी म्हणजे जीवाणूंचा माणूस. जन्म १९३२चा, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा. शिक्षण अलीगढला, पीएचडी ग्लासगोत. पुढे अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याबरोबर त्यांनी ई. कोलाय या जीवाणूच्या एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, जनुक हाती घेतलं. त्यात काही बिघाड असे होते, की विकर तयारच होत नसे. पण जीवाणूच्या भलत्याच जनुकात दुसरा बदल झाला, की ते पुन्हा थोडंफार बनू लागे! जनुकाच्या मजकुरात मध्येच ‘इथे थांबा’ अशी चुकीची खूण पडली होती आणि दुसऱ्या बदलामुळे पेशी ती खूण ओलांडून पुढे वाचत होती. हे काम १९६२चं. जनुकांची लिपी तेव्हा अजून उलगडतच होती.

त्याच वर्षी होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. भौतिकी आणि गणिताच्या त्या घरात, कुलाब्याच्या टोकाला, त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. भौतिकीवाल्यांच्या शेजारी जीवाणूंच्या बशा मांडायच्या, हे त्या काळी धाडसच.

मग जीवाणू सोडून माशी कशाला? सिद्दीकींनी विषय बदलला असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. प्राणी बदलला, युक्ती तीच राहिली: एक जनुक बिघडवायचं आणि काय काय अडतं ते बघायचं. फक्त आता विकराऐवजी हालचाल अडत होती, वास आणि चव अडत होती.

बेन्झरसोबतच्या कामात माशीच्या स्नायूंत बारीक इलेक्ट्रोड घालून विजेचे ठोके टिपले गेले. नळीत झटकन आडव्या होणाऱ्या त्या माशीचं नाव ‘पॅरालिटिक’. तिचे स्नायू शाबूत होते. गरम झाल्यावर नसेतून संदेशच पुढे जात नव्हता. हे जनुक म्हणजे नसेच्या आवरणात सोडियमची ये-जा करू देणाऱ्या दाराचा आराखडा, हे १९८९मध्ये कळलं. १९७६च्या त्यांच्या निबंधात आणखी एक माशी होती, ‘कोमॅटोज’. ही पडली की गार केल्यावरही पटकन उठत नाही, सावकाश शुद्धीवर येते. म्हणून तिचं ते नाव, म्हणजे ‘कोमात गेलेली’.

मुंबईत परतल्यावर व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्या प्रयोगशाळेत आल्या. कुटुंब गोव्याचं, वाढल्या केनियात, शिकल्या डब्लिनमध्ये. चव न कळणारी माशी ओळखायची त्यांची रीत मला फार आवडते: खाण्यात रंग मिसळायचा आणि नंतर पोट बघायचं. माशीचं पोट इतकं पातळ, की आतला रंग बाहेरून दिसतो. कोणी काय खाल्लं आणि कोणी तोंड फिरवलं, ते लपत नाही. याच जोडीनं वास न येणाऱ्या माशाही वेचल्या. त्यातल्या काहींना बेन्झाल्डिहाइडचा, म्हणजे कडू बदामाचा वास कळत नसे, पण दुसरे वास व्यवस्थित कळत. सगळं नाक एकाच दोरीनं चालत नाही, हे त्यातून दिसलं.

पुढे बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारण्यात सिद्दीकींची बरीच वर्षं गेली. पण माशी सुटली नाही.

कोमॅटोजचं कोडं १९९५मध्ये सुटलं. तिच्यात बिघडलेलं प्रथिन होतं एनएसएफ. नसेच्या टोकाशी रसायनांच्या बारीक पिशव्या असतात. त्या रित्या करणारी यंत्रणा पुन्हा वापरायला मोकळी करणं हे त्याचं काम. पेशीतल्या पिशव्यांची वाहतूक शोधताना जेम्स रॉथमन यांच्या हाती हेच प्रथिन वेगळ्या वाटेनं लागलं होतं. त्या वाहतुकीच्या संशोधनासाठी रॉथमन आणि इतर दोघांना ऑक्टोबर २०१३मध्ये नोबेल जाहीर झालं. सिद्दीकी जुलैतच गेले होते.