बालवाडीच्या वयातील लठ्ठपणा : कोकण किनाऱ्यावरील प्रतिबंध

पाच वर्षांखालील मुलाचे वजन त्याच्या उंचीच्या मानाने फार वाढणे, म्हणजे या वयातला लठ्ठपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांनुसार उंचीसापेक्ष वजन मध्यकापेक्षा (तेवढ्याच उंचीच्या निरोगी मुलांच्या बरोबर मधल्या वजनापेक्षा) दोन प्रमाण विचलनांहून (प्रमाण विचलन म्हणजे मुलामुलांतला फरक मोजण्याचे एकक) जास्त असेल तर ते अतिवजन आणि तीनहून जास्त असेल तर लठ्ठपणा मानतात. नुसत्या वजनावरून किंवा गालांवरून तो ठरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. त्याच पाहणीत ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. त्यामुळे पोर अंगाने भरत नाही हीच कोकणातल्या घरांची मोठी काळजी असते, आणि ती रास्तही आहे. मात्र उंची खुंटलेली आणि पोटाला चरबी, असे एकाच मुलात होऊ शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना पुणे जिल्ह्यातील गावांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासात दिसले, की ही बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून गुटगुटीतपणाच्या मागे लागून मुलाला भरवत राहणे इथे दुहेरी धोक्याचे ठरते.

प्रतिबंधाचा गाभा भरवण्याच्या पद्धतीत आहे. काय शिजवायचे, कधी वाढायचे, कुठे बसून जेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे ते मुलावर सोडावे. लहान मुलाला पोट भरल्याचे कळते. ते मान फिरवते, तोंड मिटते, ताटातला भात बोटांनी पसरू लागते. नेमक्या त्याच वेळी आजी ‘हा घास काऊचा, हा घास चिऊचा’ म्हणत आणखी चार घास भरवते. त्यामागची माया खरी आहे. पण रोज असे झाले की भूक ओळखण्याची मुलाची जाण बोथट होते. हातात मोबाईल देऊन मऊभात भरवला, तर आपण किती खाल्ले याकडे मुलाचे लक्षच राहत नाही. आईबाप कामावर आणि मूल आजीआजोबांकडे, अशा घरात हे आजीशी बोलूनच ठरवावे लागते. तिला वगळून केलेला नियम दुपारपर्यंतही टिकत नाही.

कोकणच्या स्वयंपाकघरात या वयाला लागणारे बहुतेक सगळे आहे. सकाळची पेज, नाचणीची भाकरी किंवा आंबील, कुळथाची पिठी, भाजी, कमी तेलावरचा आणि काटे नीट काढलेला बांगडा किंवा तारली. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. खोबऱ्याला घाबरण्याचे कारण नाही, वाटपात ते बेताने असले म्हणजे झाले. घात होतो तो मधल्या वेळी. चहात बुडवलेले बटर, दुकानावरची चिप्सची पुडी, गणपतीला आणि शिमग्याला चाकरमान्यांनी आणलेले बिस्किटांचे पुडे. सणातला उकडीचा मोदक मुलाने आनंदाने खावा. पुडे मात्र सण संपल्यावरही फडताळात उरतात आणि रडणे थांबवायला रोज एकेक बाहेर निघतो. कोकमाचेही तसेच आहे. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या बिनसाखरेच्या रसाच्या, सोलकढीत साखर लागत नाही, पण अमृतकोकमाचे सरबत म्हणजे बव्हंशी साखरेचा पाक. तहानेला पाणीच द्यावे. आमरसात साखर घालू नये. त्याहून बरे म्हणजे आंब्याची फोड मुलाच्या हातात द्यावी. दोन वर्षांपर्यंत तर वरून साखर नकोच. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या आहारासोबत ते चालू ठेवणे, हेही प्रतिबंधात मोडते.

तीन ते चार वर्षांच्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिवसाला किमान १८० मिनिटे हालचाल (त्यात निदान ६० मिनिटे धावपळीची), जास्तीत जास्त एक तास पडदा आणि १० ते १३ तास झोप सुचवली आहे. उन्हाळ्यात खळ्यात बागडून एवढी हालचाल सहज होते. अडचण जून ते सप्टेंबरची. पावसात दार बंद होते आणि टीव्ही चालू राहतो. पडवीत लंगडी, उड्या, नाच, झाडू घेऊन आईच्या मागे फिरणे, हे सारे हालचालीतच मोजावे. पाऊस उघडला की चिखलात खेळू द्यावे.

वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे किंवा बारीक होण्याचा आहार देणे चूक आहे. उंची वाढत असताना वजन वाढण्याचा वेग आवरला, की बहुतेक मुलांत तेवढे पुरते. मुलाला ‘जाड्या’ म्हणू नये, आणि गोड हे बक्षीस म्हणूनही देऊ नये. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून घ्यावी आणि दोन्ही एकत्र दाखवणारा तक्ता सेविकेकडून समजून घ्यावा. वजन भराभर वाढत असून उंची मात्र थांबली असेल, किंवा मूल झोपेत घोरत असून त्याचा श्वास मध्येच अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. पहिल्या प्रकारात थायरॉइडसारख्या ग्रंथींचा विकार असू शकतो.